धावडा जिवंत असल्याचा पुरावा

नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात मी एकशे तीन जिवंत झाडं मेली म्हणून लिहून दिली. एकटीनं. कुणाचं मार्गदर्शन न घेता. घेतलं असतं तर इतकी झाली नसती.

मी वनरक्षक आहे. माहेर पाटणच्या वर, कोयनेच्या अंगाला. आमच्याकडं पावसाळ्यात भिंतीला शेवाळ येतं, चपलेला येतं, आणि एका वर्षी माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेलाही आलं होतं. रानात तर झाडावर शेवाळ, शेवाळावर नेचे आणि नेच्यांवर आणखी काहीतरी, असा सगळा मजल्यांचा कारभार. पानांच्या टोकाला लांब शेपटी असते. तिच्यावरून पाणी ओघळून जातं, नाहीतर पानावरही शेवाळ धरेल. आमच्या रानाला पाण्याची एकच अडचण असते, ते घालवायचं कसं. जांभूळ, हिरडा, अंजनी बाराही महिने हिरवी. त्यांचीही पानं गळतात, पण एकेक करून, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी. जुनं पान पडायच्या आत नवं हजर असतं. त्यामुळं ज्या झाडाला एकही पान नाही ते झाड मेलेलं, हे मला शाळेत शिकवावं लागलं नव्हतं. आमच्या गावात ते शेळ्यांनाही ठाऊक होतं.

नेमणूक मिळाली आटपाडीच्या बाजूला. एसटीनं निघाले. कराडपासून पुढं ऊस लागला. उसाला काही मी जंगल मानत नाही, म्हणून झोपले. विट्याच्या पुढं जाग आली तर बाहेरची झाडं बसकी झाली होती. जसजशी गाडी पूर्वेला जाईल तसतशी पानं लहान होत होती आणि काटे मोठे. शेवटी पान नखाएवढं आणि काटा बोटाएवढा अशी परिस्थिती आली आणि कंडक्टरनं सांगितलं, उतरा.

फेब्रुवारीचा शेवट होता. माझ्या आधी ही जागा बरेच दिवस रिकामी होती आणि मार्चअखेर जवळ आली होती, त्यामुळं हजर झाले त्याच आठवड्यात काम हातात पडलं. एका डोंगराच्या उतारावरची मेलेली झाडं मोजायची, ती तोडून तिथं नवी रोपं लावायची. मोबाईलमध्ये ॲप होतं. झाडाचा फोटो काढायचा, घेर टाकायचा, ठिकाण आपोआप यायचं, आणि खाली दोन चौकोन होते. जिवंत, मृत. तिसरा चौकोन नव्हता, आणि मला त्याची गरजही वाटली नाही.

मदतीला एक वनमजूर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. तीस वर्षं त्याच डोंगरावर काढलेली. त्यांच्या हातात गेरूचा डबा आणि ब्रश. मी म्हणेन त्या झाडाला पट्टा मारायचा आणि वर नंबर घालायचा, एवढंच त्यांचं काम.

डोंगराच्या पायथ्याला ओढा होता. ओढ्याकाठी करंज आणि उंबर, हिरवेगार. वर उताराला एकाही झाडावर पान नाही, नुसत्या पांढुरक्या राखाडी काठ्या. मधूनमधून एखादी बोर, एखादा हिवर, त्यांच्यावर बारीक का होईना पान होतं, म्हणून त्यांना मी जिवंत लिहिलं. बाकीच्यांसाठी मी विचार केला, आणि इथंच चुकलं. विचार केला नसता तर कुणाला तरी विचारलं तरी असतं. डोंगर एक, पाऊस एक, खालची झाडं हिरवी, वरची वाळलेली, म्हणजे वरची मेली. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

पहिल्या झाडापाशी मी मामांना म्हणाले, “मेलंय हे.”

मामांनी झाडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, गेरूच्या डब्याकडं बघितलं. म्हणाले, “तुमी म्हंता तर आसंल.”

मी हे अनुभवी माणसाचं दुजोरा देणं समजले. चार दिवसांत उतार संपला. माहिती पाठवली, तोडायचा हुकूमही आला, आणि तोही इतक्या लवकर की सरकारी काम सावकाश चालतं यावरचा माझा विश्वास उडाला.

हुकूम आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई माझ्या क्वार्टरच्या दारात येऊन उभी राहिली. पन्नाशीच्या आतली, सडपातळ, दोन्ही हात कोपरापर्यंत गेरूनं माखलेले. पट्टे पुसायचा प्रयत्न करून आली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “मेलेलं वळखणाऱ्या मॅडम त्या तुमीच का?”

ती डिंकवाली. उतारावरच्या त्या पांढुरक्या झाडांचा, म्हणजे धावड्यांचा, डिंक काढायचा परवाना तिच्याकडं होता, तिच्या आधी तिच्या आईकडं. धावड्याचा डिंक म्हणजे बाळंतिणीच्या लाडवातला डिंक, आणि तिच्या घराचं वर्ष त्याच्यावर निघायचं. नवरा नव्हता. एक लेक होती, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. हे सगळं तिनं मला डोंगर चढता चढता सांगितलं, मागं वळून न बघता. मी धापा टाकत ऐकत होते.

वर गेल्यावर तिनं एक फांदी खाली ओढली आणि अंगठ्याच्या नखानं खरवडली. राखाडी सालीखाली हिरवं. ओलं.

“आता तुमी,” ती म्हणाली.

मी दुसऱ्या झाडाची फांदी खरवडली. हिरवी. तिसऱ्याची खरवडली. दहा झाडं झाल्यावर मी खरवडायचं थांबवलं.

“मग पानं का नाहीत?”

“आवं, पानं ठिवली तर पानांतनं पानी जातंय. घरात पानी न्हाई म्हनल्यावर आपन पाव्हनं ठिवून घेतो का? वाटंला लावतो. तसं त्यानं पानांस्नी वाटंला लावलंय. पाऊस आला की बलवतंय परत.”

“आणि ओढ्यावरची?”

“त्येंचं पाय पान्यात हायत. त्यांस्नी कशाला पायजे उपास?” मग ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “ह्या उताराला माजी आय डिंक काढायची. झाडं गेल्यावर मी काय काढू, फोटू?”

मामा आमच्या मागोमाग चढून आले होते, गेरूचा डबा घेऊन. मी त्यांच्याकडं वळले. “मामा, तुम्हाला ठाऊक होतं?”

“व्हय.”

“मग बोलला का नाहीत?”

“सायबाच्या तोंडाम्होरं तोंड करायचं न्हाई, आशी रीत हाय आमच्यात. मागल्या सायबांनी माळावर जांभळं लावाय सांगितली. लावली.”

“मग?”

“मेली की.” मामा शांतपणे म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती.

मला राग आला. आधी मामांचा, मग त्या रीतीचा, आणि खाली उतरेपर्यंत माझा स्वतःचा, तो अजून पुरता गेलेला नाही.

ॲपमध्ये एकदा मृत झालेलं झाड पुन्हा जिवंत करायची सोय नव्हती. मी वडिलांना फोन लावला. ते मिलिटरीतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या मते जगातली कोणतीही अडचण लेखी अर्जानं सुटते. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “चुकलं तर चुकलं म्हून लिहायचं. लय गोल गोल बोलू नगंस.” मग विचारलं, “शंभराच्या वर?” मी हो म्हणाले. त्यांनी फोन आईकडं दिला.

मी अर्ज लिहिला. “जिवंत व मृत झाडांतील फरक मला ओळखता आला नाही, सबब तोड थांबवावी.” आमच्या वनपाल साहेबांनी तो दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता, फक्त निवृत्तीला आला होता आणि शांतपणे जायचं ठरवून बसला होता.

“असं लिहायचं नसतं,” ते म्हणाले. “तांत्रिक त्रुटी लिहा.”

“तांत्रिक नाही साहेब, माझीच आहे.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बरं. झाडं जिवंत आहेत याला पुरावा काय?”

“खरवडलं की हिरवं दिसतं.”

“फोटोत ओरखडा दिसतो, जीव दिसत नाही. एखादं पान दाखवा.”

“पान पावसाळ्यात येईल, साहेब.”

“तोड पंधरा दिवसांवर आहे.”

इथं घोडं अडलं. झाडानं जगण्यासाठी जे केलं होतं, तेच त्याच्या मरणाचा पुरावा होऊन बसलं होतं, आणि पुरावा गोळा करणारी मी होते.

वाट डिंकवालीनंच काढली. मेलेल्या झाडाला डिंक येत नाही. घाव घातला आणि डिंक आला, म्हणजे झाड जिवंत. साहेबांनाही ते पटलं. डिंक फोटोत दिसतो. पण फोटो त्यांच्यासमोरच काढायचे, ते स्वतः येऊन प्रत्येक झाड बघणार, पंचनामा होणार, आणि तोवर डिंकाला कुणी हात लावायचा नाही. तो पुरावा.

डिंकवालीनं बोटांवर हिशेब केला. ती एरवी घाव चैत्रात घालायची, ऊन चांगलं तापल्यावर. आत्ता घातला तर डिंक थोडा येणार. जो येईल तो झाडावरच राहायचा, म्हणजे धूळ बसून, मुंग्या लागून वाया जाणार. आणि एका वर्षात त्याच झाडाला दुसऱ्यांदा घाव घातला तर झाड खचतं, ते ती कधीच करत नसे. म्हणजे झाडं वाचवायची तर तिचं ते वर्ष गेलं. आणि हे सगळं माझ्या दोन चौकोनांमुळं. मला तिच्या तोंडाकडं बघवेना.

“चला,” ती म्हणाली आणि कोयता घ्यायला घरी गेली.

पुढचे दोन दिवस मी तिच्यामागं फिरले. ती अंगठ्याएवढी साल अलगद काढायची, आतल्या लाकडाला न दुखवता. मी नंबर लिहायची. मधेमधे ती मला रान वाचायला शिकवत होती, म्हणजे माझ्यावर वैतागत होती, पण त्यातून मी शिकत होते. ओढ्यात उंबर. तिथून जरा वर, जिथं ओल थोडी टिकते, तिथं पळस. मग उतार चढला, माती पातळ झाली की धावडा आणि मोई. मोई साल जाड करून त्यात पाणी साठवते आणि पान नसतानाच फुलते. डोंगराच्या माथ्यावर नुसता खडक, तिथं तरवड आणि नेपती. नेपतीला पानं जवळजवळ नसतातच, काड्याच हिरव्या, पानांचं काम काड्याच करतात. डोंगराच्या पाठीमागं, उत्तरेला, ऊन कमी लागतं, तिथल्या धावड्यांवर अजून चार-दोन तांबडी पानं टिकून होती. मी ती बाजू मोजायला सर्वांत आधी गेले असते तर हे पुराण घडलंच नसतं. पण उत्तरेला जायला वाट लांबची होती.

पाटण ते आटपाडी एसटीनं येताना जे बदललं होतं, ते त्या एका उतारावर दोनशे पावलांत बदलत होतं. मग मला आमच्या गावाकडचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं खडकाळ पठार, आठवला. तिथं कड्यावर वारा लागतो, पावसाळा सरला की खडकात थेंब राहत नाही, आणि तिथली झाडं बुटकी, पानं चामड्यासारखी जाड. खाली घळीत तीच जात माडीएवढी उंच. मी लहानपणापासून ते बघत आले होते आणि एकदाही का म्हणून विचारलं नव्हतं. हिरवं होतं ना, मग झालं.

चौथ्या दिवशी डिंक आला. मधाच्या रंगाचे, हरभऱ्याएवढे थेंब. एकशे तीन झाडांना आला. तीन झाडं खरोखरच मेलेली निघाली. त्या तिघांचा मला फार आधार वाटला.

साहेब सोमवारी येणार होते. सोमवारचे ते गुरुवारी येणार झाले. मधल्या शनिवारी डिंकवालीच्या लेकीला कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या महिनाभर आधी. तिला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. बाळ आणि बाळंतीण दोघंही जगली, पण लेक फार अशक्त झाली, उठून बसवत नव्हतं. हे मला मामांनी सांगितलं. डिंकवाली तीन दिवस दिसली नाही. बुधवारी ती गावात आली होती म्हणे, आणि मला न भेटताच गेली होती.

गुरुवारी पंचनाम्याला मात्र ती आली. साहेब, गावातले दोन पंच, मामा, मी आणि सगळ्यांच्या मागं ती. झाडामागून झाड होत गेलं. साहेब डिंकाकडं बघायचे, मान हलवायचे, पंच मान हलवायचे, मी फोटो काढून टिक करायची. चाळीस झाडं अशी मान हलवण्यात झाली.

एकेचाळीस नंबरचा धावडा उतारावरचा सर्वांत जुना होता. तिची आई पहिला घाव त्याला घालायची, असं ती मला म्हणाली होती. त्याची जखम कोरडी होती. स्वच्छ. नखानं खरवडून, कडाकोपऱ्यातलंसुद्धा काढून घेतलेली.

“इथं नाही डिंक,” साहेब म्हणाले. “हे मृत.”

मी मागं बघितलं. ती जमिनीकडं बघत उभी होती आणि दोन्ही हातांनी पदराचं टोक पिळत होती. मला कळलं. घरात गेल्या वर्षीचा डिंक उरला नव्हता, आणि दुकानातला डिंक ती पोटच्या पोरीला देणार नव्हती. एवढ्या झाडांतून तिनं एकाच झाडाचा घेतला होता, आणि तो आपल्या आईच्या झाडाचा. आता ती खरं बोलली तर पंचनाम्यातल्या डिंकाला हात लावला म्हणून परवाना जाणार. गप्प राहिली तर ते झाड जाणार. साहेबांनी पेन उघडलं. तिनं तोंड उघडलं.

“मी खाल्ला,” मी म्हणाले.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. साहेब म्हणाले, “काय खाल्लं?”

“डिंक, साहेब. आला होता. मी खाल्ला.”

“का?”

एवढा पुढचा विचार मी केला नव्हता. “कंबर दुखत होती,” मी म्हणाले.

एका पंचानं आभाळाकडं बघितलं. मामा प्रथमच, न विचारता, स्वतःहून बोलले. म्हणाले, “म्या बगितलं खाताना.” तीस वर्षांत त्यांनी साहेबासमोर तोंड उघडलं ते थेट खोटं बोलायलाच.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं बघितलं, आणि बराच वेळ तिकडंच बघत राहिले. त्यांनाही दोन लेकी होत्या. मग त्यांनी पेन माझ्याकडं दिलं आणि मजकूर सांगितला. तो मी माझ्या हातानं लिहिला. “झाड क्रमांक ४१ यास डिंक आलेला होता. तथापि सदर डिंक संबंधित वनरक्षक यांनी कंबरदुखीकरिता सेवन केला. सबब झाड जिवंत असल्याबाबत पंचांची खात्री झाली.” पंचांनी सह्या केल्या. मला खाली वेगळी सही करायला लावली. पुढं रीतसर खुलासाही मागवला गेला, तो मी दिला, आणि आमच्या ऑफिसात अजूनही कुणाची कंबर दुखली की माझं मत विचारतात.

तोड रद्द झाली. त्या दिवशी डिंकवाली माझ्याशी एक अक्षर न बोलता डोंगर उतरून गेली. मला वाईट वाटलं. आभार मानायला हवे होते असं नाही, पण काहीतरी म्हणायला हवं होतं असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. तिचं वर्ष मीच घालवलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी ती दारात आली. काखेत पिशवी, हातात स्टीलचा लहान डबा. उंबऱ्याच्या आत आली नाही. डब्याचं झाकण काढून तिनं एक लाडू माझ्या तळहातावर ठेवला.

“हे कशाला, मावशी? लेकीसाठी केलेत ना?”

“खावा.”

“अहो, पण...”

“तुमी खाल्ला म्हून कागदावर लिवलंय. सही हाय तुमची. माज्यापायी तुमचा कागूद खोटा ऱ्हायला नगं.”

मी खाल्ला. मी शेवटचा घास गिळेपर्यंत ती समोर उभी राहून बघत होती, औषध पाजत असल्यासारखी. खारीक होती, खोबरं होतं, आणि तुपात फुललेला डिंक दाताखाली कुरकुरत होता. मला रडू आलं, आणि तोंड भरलेलं असल्यामुळं धड रडताही येईना.

“झालं,” ती म्हणाली, “आता खरं हाय.” तिनं झाकण लावायला डबा खाली घेतला तेव्हा मला आत दिसलं. फाल्गुनातल्या एका झाडाच्या डिंकात लाडू किती होतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. डब्यात चार राहिले होते. ते घेऊन ती मिरजेच्या गाडीला गेली.